दोन रंगांचा कोयता

मुकादम भगवानरावांनी टोळीच्या हंगामभराच्या कामाचा चार्ट मला करायला सांगितला. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एकच कोयता, म्हणजे एकच मजूर धरतात; हिशोब नवऱ्याच्या नावावर. मुकादमाच्या एक्सेलमध्ये नावं नुसती पुरुषांची. बायांचे आकडे मी घरोघर विचारून गुपचूप वेगळे भरले. तेलगावच्या शाळेच्या प्रोजेक्टरवर एकेका पुरुषाच्या नावाचे निळे खांब उभे राहिले, तशी पुरुषांनी शिट्ट्या मारल्या. बाया मागं शेंगा फोडत होत्या. मी दुसरं बटण दाबलं. प्रत्येक खांब दुभंगला; वरचा भाग गुलाबी झाला. "वर्षे, तुझ्या बापाच्या डोक्यावर गुलाबी काय हाय गं?" आई मागून ओरडली. "तू हायस, आई! तू तोडलेला, मोळ्या बांधून वाहिलेला ऊस!" शेंगा सांडल्या, बाया भिंतीपाशी धावल्या. "कोयता एक, मग रंग दोन कावून?" भगवानराव चिडले. आईनं गुलाबी उजेडात हात धरला. "मुकादम, पुढच्या साली आमचे दोन कोयते धरा."