तेवीस ठोंब

शुक्रवारी सकाळी १०.५० वाजता तनया गोव्यातल्या हळर्ण गावच्या नदीकाठी पोचली, तेव्हा गवत जागेवर नव्हते.

रविवारी होते. वाळूच्या पट्टीवर तेवीस ठोंब, वीतभरही उंची नाही, नुकते जांभळट तुऱ्यावर आलेले. तनया साखळी गावाकडची, महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारी. तिने दोन पावसाळे हे गवत शोधले होते. गावात त्याला नाव नव्हते, गुरे त्याला तोंड लावत नव्हती. चतुर्थीसाठी ती घरी गेली आणि आज, गणपतीच्या तिसऱ्या दिवशी, परत आली, तर वाळूत नुसते बुडखे उरले होते. कोयत्याने कापलेले, सफाईने. एरवी दिसेल ते मोजणाऱ्या तनयाने बुडखे काही मोजले नाहीत.

मागून पाहणी अधिकारी रुद्रेश यांची जीप आली. या पट्टीवर वाहनतळ व्हायचा होता. सोमवारी भरावाचे ट्रक येणार होते. दुर्मीळ गवत पट्टीवर उगवते हे आज कागदावर आले तर काम थांबणार होते. पत्रे लिहून, फोन करून, दारात उभे राहून ही एक पाहणी मिळवायला तिला सात महिने लागले होते.

रस्ता अरुंद. मागे बस हॉर्न वाजवत होती. ड्रायव्हर भिकाजीने खिडकीतून विचारले, "बाय, गाडी खंय लावू?"

"लावा कुठेही. आता इथे काही उरलेलं नाही."

जीप वाळूत उतरली. भिकाजी चावी खिशात घालून चहाच्या शोधात गेला.

रुद्रेश वाकून बुडख्यांकडे बघत राहिले. "यावरून कळतं, हेच ते गवत?"

"नाही सर. तुरा लागतो."

"आणि पुन्हा फुटेल?"

"एका हंगामाचं आहे. बी पडायच्या आधी कापलं, म्हणजे संपलं."

हे बोलताना तिचा आवाज चढला. गावात हे गवत कुठे आहे ते एकाच माणसाला ठाऊक होते. ती तडक शिवदासच्या घराकडे निघाली. रुद्रेश घड्याळ बघत मागून आले.

शिवदास साठीचा बागायतदार. पहिल्या पावसाळ्यात त्यानेच तिला ही पट्टी दाखवली होती. तो ओट्यावरच होता, आनंदात. "ये गे बाय, बरी इलंस. वर बघ."

आत गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधलेली होती. लाकडी चौकटीला दरवर्षीप्रमाणे रानातली फळे, वेली, कंद टांगलेले. यंदा शिवदास माटोळीच्या स्पर्धेत उतरला होता. दुसऱ्या कोणाकडे नसेल ते ज्याच्या माटोळीत, त्याला जास्त गुण. मधोमध, नारळ आणि तोरिंजनाच्या फळाच्या मध्ये, ते गवत लटकत होते. सुंभाने बांधलेली जुडी. खाली पुठ्ठ्याची चिठ्ठी, शिवदासची बायको चंद्रावती हिच्या अक्षरात: 'दुर्मीळ गवत. गोव्यात फक्त हळर्ण.'

तनयाने तुरा चिमटीत धरला. दाण्यात अजून दूधच होते. पेरून उगवायचा प्रश्न नव्हता.

"का कापलंत?" तिने विचारले.

"तूच सांगितलंस मां, ह्या गवताक अख्ख्या गोव्यात दुसरी जागा नाय म्हणान. मगे देवाक नको दाखवूक?"

"मी जपायला सांगितलं होतं, काका!"

"देवाच्या डोक्यार बांधलंय. ह्येच्या वर आणि काय जपतलंय?"

"पयली नेवरी खावा," चंद्रावती करंज्यांचे ताट पुढे करत म्हणाली. "मगे भांडा."

कोणी हात लावला नाही. रुद्रेशनी फाइल उघडली. "मॅडम, माझ्या फॉर्मवर एकच रकाना आहे. मूळ जागी आढळले, किंवा आढळले नाही. माटोळीचा रकाना नाही." त्यांनी पेनचे टोपण काढले. "काय लिहू?"

तनयाला कुणावर चिडावे ते कळेना. ज्या वाक्याने गवत वाचवायचे, त्याच वाक्याने ते कापले गेले होते आणि ते वाक्य तिचे होते.

शिवदास एकदा तिच्याकडे, एकदा पेनकडे बघत होता. त्याला उशिरा उमगले. पेन थांबवायला त्याने हात आडवा धरला. "रवा, रवा. आढळला नाय कसा? तेवीस होते. बावीस आणलंय."

"म्हणजे?"

"एक ठेवलंय. रानातला सगळा कोण घेता? शेवटचा एक रानाक सोडूचा. नायतर फुडल्या वर्सा माटोळीक काय बांधतलंव?"

"तुऱ्यासकट?"

"आख्खो. बाजूक हीर रोवून लाल दोरो बांधलंय, म्हणजे वळाखता."

रुद्रेशनी टोपण परत लावले. तनया पायऱ्या उतरून धावलीच. मागून शिवदास सांगत होता, "रस्त्याच्या कडेक बघ गे. थंय गुरां उतरणत नाय."

पट्टीवर ती रस्त्याची कड धरून चालली. बुडखे आता तिने मोजले. बावीस. मग तिला लाल दोरा दिसला. माडाच्या पातीचा तो हीर, खराट्याच्या काडीएवढा, मोडून आडवा झाला होता. त्याचे खालचे टोक जीपच्या मागच्या डाव्या चाकाखाली होते.

ती गुडघ्यांवर बसली. चाक वाळूत चार बोटे रुतले होते. हाताने उकरावे तर जीप आणखी खचेल, असे मागोमाग आलेले रुद्रेश म्हणाले.

११.४० वाजता भिकाजीचा फोन लागत नव्हता. चावी त्याच्याकडे होती. फॉर्मवरचा रकाना कोरा होता, आणि चाकाखाली काय उरले आहे ते अजून कोणी पाहिले नव्हते.