गोष्टीतली आई

‘रंग जरा कमीच हाय, पन चालून जाईन,’ गोष्टीतली आई म्हणाली, आणि इकडे पार्वताबाईच्या हातातलं संत्रं हातातच राहिलं.

वरूडच्या त्या शेडमध्ये बाया ढिगाभोवती बसून संत्री निवडत. मोठी एकीकडे, बारीक दुसरीकडे, डागी मागच्या टोपलीत. हात चालू असत आणि पौर्णिमा गोष्ट सांगे. पोरगी बी.ए. झालेली, नोकरी लागेना म्हणून शेडवर आलेली. गोष्ट विलायतेची, दोनशे वर्षांपूर्वीची. तिकडे म्हणे घरात पोरींची रांग, जमीनजुमलेवाले नवरे मोजकेच, आणि आयांच्या जिवाला घोर. पौर्णिमेनं ती उचलून वऱ्हाडात आणली आणि पार उलटी करून टाकली. आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोराला पोरगी देतो कोण? ज्याला त्याला नोकरीवाला जावई पाहिजे. मग तिच्या गोष्टीत घरभर बिनलग्नाची पोरं, आणि मांडवामांडवातून पोरी हेरत फिरणारी त्यांची आई. बाया हसून हसून लोटपोट होत. शेजारी बसणारी अनीसा म्हणे, ‘कायची विलायत व, हे तर आपल्याच गल्लीतलं हाय.’

पार्वताबाईला हसू येईना. रंगाचं ते वाक्य तिचं स्वतःचं होतं. गेल्या दिवाळीनंतर आपल्या पोराला, शिवमला, घेऊन ती ह्याच पौर्णिमेला पाहायला गेली होती. पोह्यांची बशी हातात घेऊन नणंदेच्या कानात ती हेच बोलली होती, अक्षरन् अक्षर. चार दिवसांत मध्यस्थाचा निरोप आला, मुलगी नाही म्हणते. शेतकरी नको असेल, असं पार्वताबाईनं धरून चाललं. पुढे पाण्यावाचून तिची बाग वाळली, झाडं तोडावी लागली, ती शेडवर कामाला आली, तर समोर हीच पोरगी. ‘या काकू,’ म्हणाली आणि सरकून जागा करून दिली. तेव्हाच पार्वताबाईच्या मनात पाल चुकचुकली होती. एवढी गोड कशाला वागते ही?

म्हणजे पोरीनं ऐकलं होतं तर. आणि आता चारचौघींत उट्टं काढत होती.

त्या दिवसापासून पार्वताबाई कान टवकारून बसू लागली. गोष्टीतला थोरला पोरगा कोणाशी बोलत नसे. पोरगी पाहायला गेला तरी नजर आपल्याच चपलांवर, म्हणून लोक त्याला घमेंडी समजत. हुबेहूब शिवम. एका भेटीत एवढं कुठून कळणार? हे हिला कोण पुरवतं? आधी तिचा संशय अनीसावर गेला, मग सख्ख्या नणंदेवर. मोर्शीपासून बार्शीटाकळीपर्यंत या बायांचे सोयरे पसरलेले. गोष्ट बाहेर गेली तर तिशी उलटलेल्या पोराला उरलंसुरलं स्थळही येणार नाही, या धास्तीनं तिचा जीव खालीवर होई. संध्याकाळी शिवम मोटरसायकल घेऊन तिला न्यायला येई. ‘तू फाट्यावरच थांबत जाय,’ तिनं त्याला बजावलं. एरवी शब्द खाली न पडू देणारा पोरगा, पण हे काही ऐकेना. रोज शेडच्या दारापर्यंत यायचाच. तेही तिला खटकलं.

मग एके दुपारी गोष्टीतल्या पोरीनं थोरल्याला नकार दिला, आणि पौर्णिमा तिथेच थांबली. दुसऱ्या दिवशी इकडचंतिकडचं सांगून पुन्हा तिथवर आली आणि पुन्हा थांबली. ‘फुडं काय झालं?’ अनीसानं विचारलं. ‘पाहू,’ पौर्णिमा म्हणाली. आता ही आपली पुरती धिंडच काढणार, अशी पार्वताबाईची खात्री झाली.

जेवणाच्या सुट्टीत तिनं पोरीला नळावर एकटी गाठलं.

‘माह्या घरचं काहून चावडीवर मांडून राहिली तू? नकार दिला, तेवढ्यानं पोट नाही भरलं?’

पौर्णिमेनं हातातला डबा खाली ठेवला. ‘तुमी बोलल्या ते लागलं मले, काकू. अजूनबी लागते. पन शिवमच्याबी कानावर पडलं होतं ते. नकार गेल्यावर घरी येऊन माफी मागून गेले, तुमच्या बोलन्याची. एकटेच आले होते. लग्नाचं काही काढलं नाही.’

शिवम गेला होता? घरात चार शब्द न बोलणारा तिचा पोरगा.

‘मंग हे गोठ कायले सांगून राहिली?’

‘तुमाले सरळ कसं सांगू? विलायतेतलं सारं इकडं आनता आलं मले. एकच नाही आलं. तिकडं नकार मिळाल्यावर तो पोरगा पुन्हा विचारते.’

पोरगी खोटं बोलत नव्हती. एकदा नाही म्हटलेल्या घराची पायरी पोराकडचे पुन्हा चढत नाहीत, आणि नाही म्हटलेल्यांनी बोलावणं धाडणं तर त्याहून लाजिरवाणं. पार्वताबाईनंही ही रीत जन्मभर पाळली होती. ती आत गेली आणि ढिगाशी बसली. आपल्याच बोलण्याची तिला शरम वाटत होती. चार संत्री निवडली, त्यातली दोन भलत्याच टोपलीत टाकली.

‘अव सांग ना आता,’ अनीसा म्हणाली. ‘नकारानंतर काय झालं?’

पौर्णिमा मान खाली घालून निवडत राहिली.

‘फुडचं मले ठाव हाय,’ पार्वताबाई म्हणाली, तसे सगळ्यांचे हात थांबले. ‘त्या पोराची माय परत त्याच घरी गेली. माहं बोलनं चुकलं, म्हने. माह्या पोराले अजून एकडाव विचारू द्या, म्हने. अन् या खेपेले पोहे तिनं सोताच्या घरून करून नेले.’