मागच्या सीटची ऊब

जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप घेताना इंजिन थंड असतानाच बघावं, हे नर्सबाईंना पक्कं ठाऊक होतं. बॉनेट गार होतं. वाकून त्यांनी खालचा गंजही पाहिला. डोंगरावरच्या बाळंतिणींपर्यंत पोचायला दुसरी गाडी परवडणारी नव्हती.

"महिनाभर शेडमध्ये कुलूपबंद आहे, बाई," विकणारा म्हणाला.

आत चढून नर्सबाईंनी मागच्या सीटवर हात टेकवला. मग ही एवढी ऊबदार कशी? कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी.

"ताई, सोड ही," सोबत आलेला भाऊ बाहेरूनच पुटपुटला.

"आणि तिकडे अडलेली बाई दुसऱ्या गाडीची वाट बघत बसेल?"

त्या स्टिअरिंगसमोर बसल्या आणि मागे न बघताच म्हणाल्या, "यायचं तर ये. गाडी मी चालवणार."

भाऊ अजून बाहेरच उभा होता. मागे सीटबेल्ट सरसरत ओढला गेला, आणि खटका लागला.