माझा नाही

"मॅडम, तुम्ही भूकंपावरही लिहिलंय?" ऑफिसातल्या शेंडेंनी विचारलं आणि मी चक्रावलेच. पुरस्काराच्या अर्जासाठी त्यांनी संकेतस्थळावरची माझ्या लेखांची यादी उघडली होती. मी जन्मभर कांद्याची सड तपासली. यादीत मात्र भूकंप, सिमेंट, हृदयाच्या झडपा, असे दोनशे अकरा लेख!

"आडनाव, आद्याक्षरं सारखी, म्हणून इतरांचे चिकटलेत. राहू द्या ना, आकडा भारी दिसतो."

"दुसऱ्याचं श्रेय मी घेत नाही," मी ठणकावलं आणि एकेका लेखापुढचं 'माझा नाही' हे बटण दाबत सुटले.

कांद्याचे तेवढे चाळीस उरले. सगळ्यांत वर कांदे साठवायच्या चाळीतल्या बुरशीवरचा लेख, नऊशे संशोधकांनी आधार घेतलेला. प्रयोग माझी विद्यार्थिनी सुनंदा गावितचे, लेखनही तिचंच. पण विभागप्रमुखाचं, म्हणजे माझं, नाव प्रत्येक लेखावर आधी घालायचं, हा आमच्याकडचा रिवाज. मी तर हा लेख छापून आल्यावरच वाचला होता.

"हा तुमचाच ना, मॅडम?"

माझं बोट अजून बटणावरच होतं. दाबावं की उचलावं, कळेना.