एवढंच काम

छोट्या धरणाच्या सांडव्याचं चाक फिरवणाऱ्या काकांना इंजिनियरबाईंनी विचारलं, "तुमचं नेमकं काम काय?"

"पाणी चढलं की दार उघडतो."

"एवढंच?"

"एवढंच," काका ओशाळून म्हणाले.

बाईंनी स्वस्तातलं नवं दार बसवलं. पाणी खुणेला लागलं की दार पाण्याच्याच वजनाने कलतं. मोटर नको, माणूस नको. काकांकडून चावी, विजेरी, शिट्टी जमा करून घेतली.

काकांच्या निरोपाचा चहा चालू असतानाच पाणी खुणेला लागलं आणि दार आपोआप उघडलं. "बघा काका, तुमच्यावाचून काही अडलं?" बाई म्हणाल्या. सगळे हसले. काकांचा हात मात्र रिकाम्या खिशात गेला.



खाली नदीत काकू निवांत धुणं आपटत होत्या. तीस वर्षांत नवऱ्याने शिट्टी फुंकल्याशिवाय पाणी कधी आलंच नव्हतं.