तिसरी फुंक

डॉक्टरबाईंनी श्वासाचा जोर मोजायच्या नळीवरचा काटा बोटाने शून्यावर आणला आणि नळी बाबांच्या हातात दिली.

"तीनदा फुंकायचं, मास्तर. सावकाश. घाई नाही काही."

"सावकाश कसली? फुंकायचं म्हणजे फुंकायचं," बाबा म्हणाले.

शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीने दंडाला हलकेच चिमटा काढला. येताना जिन्याच्या वळणावर ते दम खायला बसले, तेव्हाच तिने त्यांना बजावलं होतं: आज जोर लावायचा नाही. काटा लाल रेषेच्या वर गेला की दम्याचा जांभळा पंप बंद. सरकारी खर्चाने तो यापुढे फक्त रेषेखालच्यांना मिळणार होता आणि तीन फुंकांतली सगळ्यांत चांगली धरायची, असा नियम होता. बाजारातून तो घेणं घराला झेपणारं नव्हतं.

"पण हा पंप घेतात म्हणूनच तर त्यांना एवढं फुंकता येतं," ती म्हणाली.

"हेच आम्ही सगळ्या डॉक्टरांनी वर लिहून कळवलं. कुबड्यांवर चालणाऱ्याला म्हणायचं, चालतोस की छान, आण त्या कुबड्या इकडे."

"मग?"

"मग काय! तेच परिपत्रक पुन्हा आलं."

बाबांनी पहिल्यांदा फुंकलं. काटा कसाबसा हलला आणि रेषेच्या बराच खाली थांबला. मुलीने सोडलेला श्वास खोलीत ऐकू आला. बाबांचा चेहरा मात्र पडला.

"आमच्या बँडमधल्या कुणी असं फुंकलं असतं, तर ट्रम्पेट काढून घेऊन घरी पाठवला असता मी त्याला."

"बाबा."

"बरं, बरं."

दुसरी फुंक थोडी वर गेली, पण रेषेच्या आतच. "छान," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि ओशाळल्या. "म्हणजे, ठीक आहे. आता एकच."

बाबा ताठ बसले. त्यांनी गळ्याशी असलेलं बटण सोडलं, मनगटाने ओठ पुसले, नळी तोंडाशी नेऊन जराशी फिरवली आणि थांबले. वाजवायला सुरुवात करण्याआधीचं ते थांबणं मुलीच्या ओळखीचं होतं. तिने पुन्हा दंडाकडे हात नेला, तेवढ्यात आवाज आला,

"जोरात, मास्तर! जोरात, जोरात, जोरात—"

आवाज डॉक्टरबाईंचा होता. त्यांनी झटकन तोंडावर हात ठेवला. काटा रेषा ओलांडून गेला होता.

बाबांना खोकल्याची उबळ आली. खोकला ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि नळी वर धरून दोघींना दाखवली.

"जन्मभर प्रत्येक पेशंटला हेच ओरडत आले गं," डॉक्टरबाई मुलीला म्हणाल्या. "तोंडून गेलंच." त्यांनी काट्यावर बोट ठेवलं. "ही फुंक झालीच नाही. आधीच्या दोनच झाल्या. तिसरी तुम्ही उद्या—"

"हात लावू नका काट्याला," बाबा म्हणाले. त्यांना एकेका शब्दापाशी थांबावं लागत होतं. "तुमच्या लग्नात मी... अख्खा चौक... एका दमात वाजवत पार केलाय. आणि तुम्ही माझी फुंक कमी लिहिणार?"

डॉक्टरबाईंचं बोट काट्यावरच होतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिने नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं.

ती बाबांकडे बघत राहिली. हा चेहरा तिने किती दिवसांत पाहिला नव्हता.

"लिहा," ती म्हणाली. "आहे तो आकडा लिहा."

उतरताना बाबा जिन्याच्या त्याच वळणावर बसले. तीही एक पायरी खाली बसली. तिने पिशवीतून जांभळा पंप काढला, कानाशी धरून हलवून पाहिला आणि त्यांच्यापुढे केला. बाबांनी हातानेच सांगितलं, थांब जरा. बोलण्याइतका श्वास अजून परत आला नव्हता. ओठांभोवती नळीचा गोल वळ उमटला होता.

ते समोरच्या भिंतीकडे बघत होते, आणि उजव्या हाताची तीन बोटं गुडघ्यावर आळीपाळीने दाबत होते. तिने पंप मुठीत धरून ठेवला आणि त्यांचं वाजवून व्हायची वाट पाहिली.