कापसाच्या खोलीचं गाणं

साउंड चेक चालू असतानाच देवराव अकोल्याच्या त्या हॉलमध्ये शिरले आणि स्टेजखाली उभं राहून त्यांनी हात वर केला. त्यांनी हात वर केला की त्यांच्या गावी, तेल्हाऱ्यात, लग्नाचा बँडही थांबतो. इथे ड्रमरने काड्या खाली ठेवल्या.

मागोमाग त्यांची भावजय केशरबाई आल्या. प्रणालीची आई. प्रणाली स्टेजवर माइकपाशी उभी होती. आईला तिने कार्यक्रमाचं कळवलंच नव्हतं.

देवराव काकांचं म्हणणं सरळ होतं. संध्याकाळी बाकी काय ते गा, कापसाच्या खोलीचं गाणं गायचं नाही. घरात कापूस साठवायच्या त्या खोलीत वडील तिला लहानपणी दिवस दिवस कोंडायचे, कापसाने अंगाची आग व्हायची, 'बाबा, कडी काढा' म्हणून ती ओरडायची, हे सगळं आता गावातल्या पोराटोरांच्या तोंडी होतं. मेलेल्या भावाची ही बदनामी त्यांना सहन होत नव्हती. शिवाय असं काही झालंच नव्हतं.

"वहिनी, तुमीच सांगा तिले," ते म्हणाले. "कोनं कोंडलं होतं तिले?"

प्रणालीने आईकडे पाहिलं. वीस वर्षं हा विषय निघाला की आई चहा ठेवायला उठायची. आज ती 'नाही' म्हणाली, तर हे गाणं पुन्हा गाता येणार नव्हतं. कदाचित कुठलंच नाही.

केशरबाईंनी पदर सारखा केला. "गान्यात चूक हाये," त्या म्हणाल्या.

देवरावांनी समाधानाने मान डोलावली.

"तिचा बाप नुसता सांगे. कडी म्या लावली. दर खेपेले म्याच." मग त्या लेकीकडे वळल्या. "तेही घाल गान्यात."

प्रणालीला आईचा भयंकर राग आला आणि त्याच क्षणी छातीवरचं ओझंही उतरलं. तिला कोंडलं होतं, हे खरंच होतं तर.

देवराव 'चला' म्हणाले, गाडी बाहेर उभी होती. केशरबाई पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. थोडा वेळ वाट पाहून देवराव एकटेच गेले.

प्रणालीने ड्रमरला खूण केली. गाणं सुरू झालं. कडीची ओळ आली तेव्हा तिने 'बाबा' म्हटलं नाही. 'आई, कडी काढ' म्हटलं, पण जेमतेम ऐकू जाईल असं.

"जोरानं म्हन, माय," केशरबाई खालून म्हणाल्या. "तवा आयकू येत होतं मले. तरी मी उठली नाही."